चार वर्षं उभी असलेली बाबांची बुलेट आणि गुहागरची वाट

तुझा प्रश्न थोडक्यात असा : मुलुंडच्या सोसायटीत ताडपत्रीखाली चार वर्षं उभी असलेली १९९६ची बुलेट ३५०. किकची, पॉइंटवाली (ठिणगीची वेळ साधणारा यांत्रिक स्विच असलेली), उजव्या पायात गिअर. बाबा गेले, गाडी विकवत नाही. एका मिस्त्रीने तिच्याभोवती एक चक्कर मारून 'इंजिन पूर्ण खोलावं लागेल' असं सांगितलं आणि साठ हजारांचा आकडा टाकला. तुला ती डिसेंबरात गुहागरला गावच्या घरी न्यायची आहे. काका, जमेल का?

जमेल. साठ हजार मात्र आत्ता देऊ नकोस, आणि डिसेंबरचा हट्ट थोडा सैल धर.

मी परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होतो. १९८९पासून बुलेट चालवतोय, आत्ताची १९८७ची आहे. बाकीच्या गाड्यांतलं मला फारसं कळत नाही, पण या ओतीव लोखंडाच्या इंजिनाशी माझं तीस-पस्तीस वर्षांचं भांडण आणि प्रेम आहे. तेवढ्या भांडवलावर सांगतो.

चालून झिजलेली गाडी वेगळी आणि उभी राहून बिघडलेली गाडी वेगळी. चालून झिजते तेव्हा पिस्टन, बोअर (पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो ती), बेअरिंग जातं. उभी राहते तेव्हा रबर कडक होतं, पेट्रोलचा डिंक होतो, बॅटरी मरते, टाकीत गंज धरतो, केबल आतून जाम होतात आणि तेल नको तिथे जाऊन बसतं. यातल्या एकाही कामाला इंजिन खोलावं लागत नाही. तेव्हा पहिला प्रश्न मिस्त्रीला नव्हे, आईला विचार : बाबांनी शेवटची चालवली तेव्हा ती धड चालत होती का? स्वतः चालवत आणून, स्टँडवर लावून, किल्ली काढून ते वर आले असतील, तर ते इंजिन चांगलं आहे असंच धरून चालायचं. वाईट असेल तर ते स्वतःच सांगेल, आवाजाने नाहीतर धुराने.

आता हौसेने जाऊन किक मारू नकोस. आधी प्लग काढ. त्या भोकातून दोन-तीन चमचे इंजिन ऑइल आत सोड आणि रात्रभर राहू दे. सायलेन्सरच्या तोंडात आणि एअर फिल्टरच्या डब्यात टॉर्च मारून बघ, कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं असतं. आपल्याकडे हे इतकं होतं की मी तर पावसाळ्याआधीच सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबतो (आणि दरवर्षी तो काढायला विसरतो, ते सोड). दुसऱ्या दिवशी प्लग बाहेरच ठेवून, चौथ्या गिअरात टाकून मागचं चाक हाताने फिरव. पिस्टन वरखाली जाताना जाणवला की अर्धी लढाई जिंकलीस. अडकला असेल तर किकवर उभा राहून नाचू नकोस. आणखी तेल सोड, आणखी दोन दिवस थांब.

मग तेल. हा भाग नीट वाच, कारण बहुतेक 'खोलावं लागेल'चा जन्म इथे होतो. या इंजिनात तेलाची टाकी क्रँककेसमध्येच, म्हणजे इंजिनाच्या खालच्या ओतीव डब्यातच, ओतलेली आहे. एक पंप तेल वर पाठवतो, दुसरा खालचं तेल उपसून परत टाकीत टाकतो. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की टाकीतलं तेल पंपातून हळूहळू पाझरत क्रँकच्या खोलीत उतरतं. अशा गाडीला किक मारली की किक दगडासारखी जड लागते, सुरू झालीच तर सायलेन्सर निळापांढरा धूर ओकतो, ब्रीदरच्या (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून तेल बाहेर येतं. बघणारा म्हणतो, रिंगा गेल्या, बोअर गेला. गेलेलं काहीच नसतं. इंजिनाखालचे दोन्ही ड्रेन बोल्ट खोल, सगळं तेल काढ, आणि साधं मिनरल २०डब्ल्यू५० भर. दोन ते सव्वादोन लिटर जातं, शेवटी डिपस्टिक म्हणेल ते खरं. भारी सिंथेटिकच्या नादी लागू नकोस, जुन्या सांध्यांतून ते जास्त गळतं. उजव्या बाजूच्या ऑइल फिल्टरचं फेल्टही बदल. नवं बसवल्यावर त्या खोलीत हाताने तेल भरून मगच झाकण लाव, नाहीतर पहिली काही मिनिटं बिग एंड (पिस्टनच्या दांड्याचं खालचं बेअरिंग) कोरडा फिरतो आणि मग मात्र खरंच इंजिन खोलावं लागतं.

तेल वर पोचतंय का हे बघायची सोपी युक्ती : रॉकरकडे (वरचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांकडे) जाणारी बारीक नळी बाहेरूनच जाते, तिचा वरचा बोल्ट किंचित सैल कर आणि गाडी संथ चालू ठेव. तेल झिरपताना दिसलं की बोल्ट आवळ आणि निश्चिंत हो. क्लचच्या डब्याचं तेल वेगळं असतं, साधारण चारशे मिली. गिअरबॉक्सचं त्याहून वेगळं. तीन खोल्या, तीन तेलं. नव्या गाड्यांवर वाढलेली मुलं एकच तेल बघतात आणि गिअरबॉक्स कोरडा चालवतात.

पेट्रोलचं बोलू. टाकीतलं चार वर्षांचं पेट्रोल काढून टाक, उघडल्यावर वार्निशचा वास येईल. टाकीत गंज असेल तर मूठभर जुने नट-बोल्ट आणि व्हिनेगर घालून हलव, पुन्हा व्हिनेगर, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धू आणि लगेच वाळव. लगेच म्हणजे लगेच, मुंबईच्या हवेत ओली टाकी दोन तासांत परत तांबूस होते. पेट्रोलची नळी, कॉकचं वॉशर, कार्ब्युरेटरचे ओरिंग सगळं नवं घाल. बाबा गाडी चालवत होते तेव्हा पेट्रोल वेगळं होतं आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं येतं, ते जुन्या रबराला फुगवतं नाहीतर ठिसूळ करतं. एप्रिल २०२३नंतरच्या गाड्यांचे भाग त्याला टिकतील असे केलेले आहेत, १९९६ची गाडी बनवणाऱ्याच्या स्वप्नातही ते नव्हतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. जुलैतल्या मुंबईत अर्धी भरलेली टाकी महिनाभर उभी ठेवलीस की तळाशी पाणी सापडलंच म्हणून समज. आठवड्यातून एकदा तरी चालव. जमणार नसेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेव, आपणहून बंद पडेल.

इथेनॉलमुळे मिश्रण पातळही होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. इंजिन जास्त तापतं, थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो, प्लग काढून पाहिलास तर टोक पांढरं. टोक फिकट विटकरी हवं. पांढरं दिसलं तर कार्ब्युरेटरमधल्या नीडलची क्लिप एक खाच खाली घे, म्हणजे नीडल वर येते आणि पेट्रोल जास्त जातं. तेवढ्याने बहुधा भागतं. आणि पंपावरचं महागडं जास्त ऑक्टेनवालं पेट्रोल या गाडीला घालू नकोस. साडेसहाला एक असं कॉम्प्रेशन आहे हिचं, साध्या पेट्रोलवर ती खूश असते. ७० मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव), ३४६ सीसी. १९४९च्या इंग्लिश बुलेटचं हेच माप, मद्रासला १९५५मध्ये कारखाना निघाला तेव्हाही हेच. तेव्हाचं पेट्रोल कसलं होतं विचार कर.

इग्निशनवर माझं सगळ्यात जास्त आयुष्य गेलंय. कॉन्टॅक्ट पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) माप, ब्लेडच्या पात्याने नको. पॉइंट काळे-खडबडीत असतील तर बारीक पॉलिश पेपर मार आणि नंतर पेट्रोलच्या कापडाने पूस. तेलाचा एक थेंब तिथे राहिला तरी गाडी रुसते. कंडेन्सर (पॉइंटमध्ये ठिणगी पडू न देणारा छोटा भाग) मात्र न तपासता नवा घाल.

का, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी माझी गाडी थंड असताना झकास चालायची आणि चाळीस-पन्नास किलोमीटरनंतर फुसफुसायला लागायची. थांबून अर्धा तास चहा प्यायला की पुन्हा झकास. मी प्लग बदलला, कार्ब्युरेटर दोनदा धुतला, टाकीच्या झाकणाचं भोक साफ केलं, कॉइल बदलली. तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी पोलादपूर सोडून कशेडी घाट चढताना संध्याकाळी सातला ती पूर्ण बंद पडली. पॉइंटचं झाकण काढून अंधारात किक मारली तर पॉइंटमध्ये जाड निळी ठिणगी. ठिणगी प्लगमध्ये हवी, पॉइंटमध्ये नव्हे. कंडेन्सर तापला की निकामी होत होता. खिशात मावणारी वस्तू, जेवणाच्या थाळीपेक्षा स्वस्त, आणि तिच्यासाठी मी ट्रकवाल्याच्या मदतीने महाडपर्यंत परत आलो. त्यात खरी चूक वेगळीच होती. मी एका रविवारी तीन-तीन गोष्टी बदलत होतो, त्यामुळे कशाने फरक पडला आणि कशाने नाही हे मला कधी कळलंच नाही. एका वेळी एकच गोष्ट बदल, मग चालवून बघ. घरात एक वही ठेव, तारीख आणि किलोमीटर लिही. वर्कशॉपात आम्हाला हे पहिल्या महिन्यात शिकवलेलं, घरी आल्यावर मी विसरलो.

आता किक. बाबांना बघितलं असशील, पण बघणं वेगळं. किल्ली फिरव आणि हेडलाइटवरच्या अँमीटरचा काटा बघ. किक हळू दाबत जा, काटा डिस्चार्जकडून मध्यावर आला की पॉइंट उघडले, म्हणजे पिस्टन वरच्या टोकाशी आहे. आता डाव्या हाताचा छोटा डीकॉम्प्रेसर (सिलिंडरातला दाब सोडणारी दांडी) दाबून किक जराशीच पुढे ने, डीकॉम्प्रेसर सोड, किक वर येऊ दे, आणि मग शांतपणे पूर्ण खाली. ताकद लागत नाही, जोर देणारेच लंगडतात. चप्पल घालून किक मारायची नाही. टायमिंग (ठिणगीची वेळ) पुढे सरकलेलं असलं तर गाडी उलटी मारते आणि पायाचा घोटा काय असतो ते कळतं.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची फट, थंड इंजिनावरच बघायचे. बॅरलच्या तळाशी छोटं झाकण आहे, त्याच्या आत दोन पुशरॉड (त्याच दांड्या). पिस्टन कॉम्प्रेशनला वर असताना दोन्ही रॉड बोटांनी गोल फिरले पाहिजेत, पण वरखाली हलता कामा नयेत. फीलर गेजची गरज नाही, बोटांना कळतं. एक्झॉस्टचा रॉड वारंवार घट्ट होऊ लागला तर व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये रुततोय असं समज. शिशाचं पेट्रोल देशभरात फेब्रुवारी २०००पासून बंद झालं, आणि जुन्या सीटना त्या शिशाची थोडी गादी मिळायची. साठ-पासष्टने चालणाऱ्या गाडीत मला याचा त्रास कधी झाला नाही. ऐंशी-नव्वदने तासन्‌तास ताणणाऱ्यांच्या गाडीत पाहिला आहे.

पैसे कुठे घालायचे, तर इंजिनाबाहेर. टायर बघ : बाजूला चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२१५ म्हणजे २०१५चा बत्तिसावा आठवडा. नक्षी नवीकोरी दिसली तरी असा टायर काढून टाक, ट्यूब आणि रिम टेपसकट. उभ्या गाडीचा टायर एका जागी चपटा होतो आणि बाजूने भेगाळतो. स्पोक एकेक करून पान्याने टिचकी मारून ऐक, सैल स्पोकचा आवाज बद्द येतो. स्टिअरिंगचा कोन सेट (हँडलच्या मानेतलं बेअरिंग) बघ : पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरव, मधोमध खाच लागल्यासारखी अडली तर कोन सेट गेला. स्विंग आर्मचे बुश, फोर्कचं तेल आणि सील, चेनसेट. ब्रेकचे शू काढून बघ, लायनर जुना असला तर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि मग ब्रेक दाबला तरी गाडी आपल्या मर्जीने थांबते. नवे शू घालताना ड्रमही साफ करून घे. क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबल नव्या घाल, जुन्यांतली जी बरी असेल ती फेकू नकोस. नव्या केबलच्या शेजारीच तेल घालून टेपने बांधून ठेव. रस्त्यात तुटली तर फक्त टोकं बदलायची. ही युक्ती मला काळाचौकीच्या एका मिस्त्रीने शिकवली, त्याने आणखी कुणाकडून उचलली असेल.

वायरिंग पूर्ण बदलायची घाई नको. मुंबईतल्या जुन्या गाडीचे विजेचे दहापैकी आठ आजार अर्थिंगचे असतात. खाऱ्या हवेने फ्रेमवर गंज येतो, अर्थ नीट मिळत नाही, मग हॉर्न वाजवला की टेललॅम्प मंद होतो. जिथे-जिथे अर्थ लागलेला आहे तिथला रंग खरवडून, बोल्ट आवळून, वर व्हॅसलिन लाव. बॅटरी नवी घे. घेण्याआधी व्होल्टेज डोळ्यांनी बघून घे, मधल्या काळात कुणी काय बदललं असेल सांगता येत नाही.

सुट्या भागांबद्दल एवढंच की डब्यावरचं नाव बघून भुलू नकोस, पॉइंट आणि केबलमध्ये नकली माल फार आहे. जुना भाग हातात घेऊन जा, दोन्ही शेजारी ठेवून वजन आणि फिनिश बघ. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि चोरबाजारात जुना अस्सल भाग मिळून जातो, पण तिथे वेळ घेऊन जावं लागतं आणि भाव करताना लाजायचं नसतं.

कागदपत्रांत वेळ जाणार आहे, म्हणून ते काम पॉइंटच्या फटीआधी सुरू कर. गाडी बाबांच्या नावावर आहे. वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो, सोबत मृत्यूचा दाखला आणि घरच्यांची ना-हरकत. १५ वर्षांची मुदत २०११ला संपली, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. म्हणजे शेवटचं २०१६ला झालं असेल आणि २०२१ला संपलं असेल. त्यासाठी फॉर्म २५, गाडी प्रत्यक्ष दाखवणं, पर्यावरण कर आणि उशिराचा दंड. विमा, पीयूसी आणि नवी सुरक्षा नंबरप्लेटही हवीच. आरटीओत जाण्याआधी चासी आणि इंजिनचा नंबर घासून स्वच्छ कर आणि आरसी बुकाशी ताडून घे. मधे कधी इंजिनचे केस बदलले असतील आणि नोंद झालेली नसेल तर अख्खी सकाळ वाया जाते. सायलेन्सर मूळचाच ठेव. धडधड वाढवणारा बसवलास तर ट्रॅफिक पोलीस थांबवतील, आणि त्या आवाजात टॅपेट काय म्हणतोय हे तुलाच ऐकू येणार नाही.

गाडी सुरू झाली, कागद झाले, म्हणजे लगेच गुहागर नव्हे. माझा नियम असा : बिघडायचं असेल ते घराजवळ बिघडू दे. पहिले शंभर किलोमीटर मुलुंडच्या आसपासच, भांडुप, ऐरोली पूल, ठाणे, जिथून गाडी ढकलत किंवा टेम्पोत घालून घरी येता येईल. रोज परत आल्यावर अर्धा तास गाडीभोवती फिर, पान्याने प्रत्येक नट बघ. लांब स्ट्रोकचं एकच सिलिंडर, त्याची थरथर नट सोडवण्याच्याच कामाची. सायलेन्सरचा क्लॅम्प, इंजिन माउंटिंग, मडगार्ड, नंबरप्लेट. या शंभर किलोमीटरनंतर तेल पुन्हा बदल, जुना गाळ सुटून आलेला असतो. पैसे वाया गेले असं वाटेल. काढलेलं तेल पांढऱ्या डब्यात ओतून बघ म्हणजे वाटणार नाही.

याच फेऱ्यांत तुझे पाय शिकतील. नव्या गाडीवर तुझा उजवा पाय ब्रेकवर असतो. इथे उजव्या पायाखाली गिअर आहे आणि ब्रेक डावीकडे. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. शांत डोक्याने हे दोन दिवसांत जमतं. पण समोर कुत्रं आडवं आलं की पाय जुन्या सवयीवर जातो, तू ब्रेक समजून गिअर दाबतोस आणि गाडी थांबण्याऐवजी पुढे जाते. म्हणून रविवारी पहाटे रिकाम्या रस्त्यावर मुद्दाम पन्नास वेळा जोरात थांबायचा सराव कर. हसू नकोस. गिअरच्या शेजारची ती दुसरी छोटी कांडी न्यूट्रलसाठी आहे, क्लच दाबून टाचेने दाबली की दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्यातून थेट न्यूट्रल. पहिल्यातून नाही होत. एलबीएस रोडच्या सिग्नलला हिच्यासारखं सुख नाही.

मग एक दिवसाची फेरी : पनवेल, खोपोली, जुन्या हायवेने लोणावळा आणि परत. एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, आणि असती परवानगी तरी ही गाडी तिथली नव्हेच. खंडाळ्याच्या चढावर गाडी तापते तेव्हा कळतं की कार्ब्युरेटर आणि टायमिंग खरंच लागलंय का. चढात ती दमली तर गिअर उतरव, चौथ्यात घुसमटवत ठेवू नकोस. टॅपेटपेक्षा वरच्या पट्टीतला, खडे हलवल्यासारखा आवाज आला की थ्रॉटल सोड. आणि एकदम ताकद गेल्यासारखं, कुणीतरी मागून धरल्यासारखं वाटलं तर विचार न करता क्लच दाब आणि कडेला घे. पिस्टन धरायला लागलाय. वीस-पंचवीस मिनिटं सावलीत थांबलास तर बहुतेक वेळा वाचतो. क्लच दाबायला उशीर केलास तर मागचं चाक जाम होतं. उतरताना दुसऱ्या गिअरात इंजिनाच्या जोरावर उतर, ब्रेक अधूनमधून दाबून सोड. ड्रम सतत घासून तापला की घाटाच्या तळाशी ब्रेक उरत नाही.

या दोन्ही परीक्षा पास झाल्या की गुहागर. चिपळूणमार्गे तीनशे किलोमीटरच्या आत-बाहेर पडेल. मुंबई-गोवा हायवेने लोक एका दमात जातात. तू जाऊ नकोस. चौपदरी पट्ट्यावर मागून येणारी बस आणि कंटेनर ऐंशी-नव्वदने येतात, तुझी गाडी साठला सुखी असते, आणि दिवसभर आरशात बघत चालवण्यात काही राम नाही. जुन्या बुलेटची खरी वाट समुद्राकाठची आहे. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोमध्ये (गाड्या नेणाऱ्या बोटीत) गाडी चढव, मांडव्याला उतर. अलिबाग, रेवदंडा, मुरूड. आगरदांड्याहून जंगल जेट्टीने (खाडी ओलांडणाऱ्या गाड्यांच्या बोटीने) दिघी, मग दिवेआगर किंवा श्रीवर्धनला मुक्काम. दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वर, बागमांडल्याहून वेसवी, मंडणगड नाहीतर केळशी करत दापोली, दाभोळहून पुन्हा जेट्टीने धोपावे, आणि पुढे गुहागर घरच्या अंगणासारखं. वळणावळणाचा रस्ता, चाळीस-पन्नासचा वेग, आणि दोन दिवसांत चार वेळा पाण्यावर इंजिनाला आपोआप विश्रांती. ओतीव लोखंड सावकाश तापतं आणि सावकाश निवतं, त्याला असा प्रवास मानवतो.

जेट्टीच्या उतारावर ओहोटीला शेवाळ असतं, पुढचा ब्रेक तिथे विसरून जा, पहिल्या गिअरात इंजिनाने उतर. बोटीत गाडी मेन स्टँडवर लावू नकोस, लाटेने आडवी होते. साइड स्टँड, पहिला गिअर, आणि स्वतः तिला टेकून उभा राहा. गुहागरला पोचल्यावर गोड्या पाण्याने चेन आणि रिम धू, आणि चेनला तेल. किनाऱ्यावरच्या वाळूत न्यायचा मोह होईल, फोटो चांगला येतो म्हणून. चेनसेट नवा आहे हे आठव.

सोबत घ्यायचं : प्लग, पॉइंट, कंडेन्सर, चेन लॉक, एक ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, पंप, बल्ब, फ्यूज, दोन मीटर वायर, टेप, एम-सील, अर्धा लिटर तेल. रेनकोट डिसेंबरात नको, बाकी महिन्यांत हवा. पावसात चालवायचीच वेळ आली तर एवढं लक्षात ठेव की हिंदमाता किंवा मिलन सबवेसारख्या साचलेल्या पाण्यातून आलं की ड्रम ओले होतात आणि पहिले दोन-तीन ब्रेक लागतच नाहीत. बाहेर पडल्यावर हलका ब्रेक दाबून शंभर-दोनशे मीटर चालव, म्हणजे सुकतात. पाणी सायलेन्सरच्या वर असेल तर मुळात घुसायचंच नाही.

आणि त्या साठ हजारांचं. वर सांगितलेलं सगळं केलंस तरी माझ्या अंदाजाने त्याच्या निम्म्याच्या आत निभावेल, त्यातलाही मोठा भाग टायर, बॅटरी आणि चेनसेटचा. एवढं करून गाडी गरम झाल्यावरही निळा धूर सोडत राहिली, किंवा इंजिनाच्या तळातून जड ठोका यायला लागला, तर मिस्त्री खरा आणि मी खोटा. मग खोलू. पण त्याआधी एक काम कर. त्या काळचे लोक गॅरेजची बिलं जपून ठेवायचे. बाबांच्या कपाटात, आरसी बुकाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात, कुठे 'रिबोअर' (सिलिंडर घासून मोठा केल्याचं) लिहिलेलं बिल सापडतं का बघ, आणि पुढे ०.२५, ०.५० असा काही आकडा असेल तर तो मला कळव. पिस्टन कितव्या ओव्हरसाइझचा आहे ते कळलं की बोअर आणखी एकदा होईल की नवा बॅरल लागेल, ते इथे बसून सांगता येईल.